बर्फाचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ : जोसेफ स्टीफन

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान शाखेकडे गेलेल्यांना ‘स्टीफन-बोल्ट्झमन नियम’ पाठ असतो. पण हे स्टीफन कोण होते? पालकांनीही त्यांचे चरित्र अवश्य वाचावे.

जोसेफ स्टीफन यांचा जन्म २४ मार्च १८३५ रोजी ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट शहराजवळ झाला. वडील पिठाच्या गिरणीत मदतनीस, तर आई मोलकरीण. घरची भाषा स्लोव्हेनियन आणि उच्च शिक्षणाची जर्मन. तरीही १८५३ साली ते व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले. पदवीनंतर शाळेत शिकवत त्यांनी संशोधन चालू ठेवले आणि १८६३ साली, अवघ्या २८ व्या वर्षी, ते तेथेच प्राध्यापक झाले. तप्त वस्तूच्या उष्णता-उत्सर्जनाचा नियम त्यांनी १८७९ साली मांडला व त्यावरून सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान काढले. पुढे त्यांचेच शिष्य बोल्ट्झमन यांनी तो नियम सिद्धांताने सिद्ध केला.

१८८९ च्या सुमारास त्यांनी ध्रुवीय समुद्रातील बर्फाचा प्रश्न हाती घेतला. मोहिमांवर गेलेल्या खलाशांनी बर्फाची जाडी व थंडी यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या समोर ठेवून स्टीफन यांनी व्हिएन्नात बसून गणित मांडले. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती वरच्या बर्फातूनच निघून जावी लागते. बर्फ जितका जाड, तितकी तिची वाट लांब. म्हणून थंडी तेवढीच राहिली, तर दुप्पट जाडीस चौपट आणि तिप्पट जाडीस नऊपट वेळ लागतो. अशा प्रश्नाचे अचूक उत्तर जर्मनीतील नॉयमन यांनी आधीच आपल्या व्याख्यानांत दिले होते. परंतु प्रत्यक्ष नोंदींशी ताळा जमवून स्टीफन यांनी ते जगापुढे आणले. आज वितळण्या-गोठण्याच्या अशा प्रश्नांना ‘स्टीफन प्रश्न’ असेच म्हणतात. आपल्या खोपोलीच्या पोलाद कारखान्यांचे उदाहरण घ्या. साच्यात ओतलेला पोलादाचा रस बाहेरून आत गोठत जातो, तेथेही साधारण हाच हिशेब लागू पडतो.

७ जानेवारी १८९३ रोजी स्टीफन यांचे निधन झाले. स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना येथील मोठी संशोधन संस्था आज त्यांचे नाव अभिमानाने मिरवते.

पालकहो, बर्फाचा पहिला थर झटपट बसतो, पुढचा तेवढाच थर बसण्यास अधिक काळ लागतो. शिक्षणाचेही तसेच आहे. वरच्या इयत्तांत मुलामुलींची प्रगती मंद वाटली, म्हणून त्यांची शाळा सोडवून त्यांना कामाला लावू नका. गिरणीतल्या मदतनीसाच्या मुलाला शिकण्यास अवधी मिळाला, म्हणूनच जगाला स्टीफन मिळाले.