खडकीची शाळा काढणारी लाटसाहेबीण

आमच्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर संधिवाताची, कंबरदुखीची माणसं लांबून लांबून येतात. आधी वज्रेश्वरीचं दर्शन, मग कुंडात आंघोळ, असा ठरलेला बेत. तिथेच एकदा एक निवृत्त जवान भेटले. लढाईत एक पाय गुडघ्याखाली गेलेला. कृत्रिम पाय काढून काठावर ठेवला होता आणि स्वस्थ बसले होते. गप्पांमध्ये कळलं, की पाय गेल्यावर ते पुण्याजवळ खडकीला ‘क्वीन मेरी’त काम शिकले आणि त्यावरच संसार उभा राहिला.

मला वाटलं, राणीनंच काढली असेल ही संस्था. घरी येऊन शोधाशोध केली तर नाव राणीचं, पण काढणारी वेगळीच निघाली. मुंबईच्या गव्हर्नरची बायको, लेडी मेरी विलिंग्डन!

मैत्रिणींनो, विलिंग्डन म्हटलं की आपल्याला प्रेम वाटावं असं काही नाही. याच गव्हर्नरांनी १९१८ साली मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांना बोलू दिलं नाही आणि टिळक सभा सोडून निघाले. पुढे व्हाइसरॉय झाल्यावर १९३२ मध्ये गांधीजींना तुरुंगात टाकणारेही हेच. बाईंचाही थाट मोठा. जांभळ्या रंगाचं भारी वेड, आणि ठिकठिकाणी विलिंग्डन नाव लागलेलं. दिल्लीची आजची लोदी गार्डन १९३६ मध्ये झाली तेव्हा ‘लेडी विलिंग्डन पार्क’च होती.

पण या बाईंचं आयुष्य वाचताना मी एका ठिकाणी थांबले. त्यांचा जन्म १८७५ चा. वडील श्रीमंत, आई ॲना ब्रॅसी प्रवासवर्णनं लिहिणारी. मेरी बारा वर्षांची असताना १८८७ मध्ये आई बोटीवरच वारली, समुद्रातच तिला निरोप दिला. सतराव्या वर्षी लग्न, पुढे दोन मुलगे. १९१३ मध्ये नवऱ्याबरोबर त्या मुंबईला आल्या. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि सप्टेंबर १९१४ मध्ये थोरला मुलगा जेरार्ड फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. एकवीस वर्षांचा पोर! आई इथे, लेक तिथे.

त्याच मुंबईच्या बंदरात मग मेसोपोटेमियाहून जखमी जवानांच्या बोटी येऊ लागल्या. म्युझियमची नवी कोरी इमारत होती ना, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिचंही लष्करी इस्पितळ झालं. या युद्धात आपले दहा लाखांहून अधिक लोक परदेशी गेले, सत्तर हजारांवर परत आलेच नाहीत. जे आले, त्यांत कितीतरी हात किंवा पाय गमावलेले. जखम भरली की इस्पितळाचं काम संपतं. पुढे काय? नांगर धरायचा कसा, आणि बायकोनं चूल पेटवायची कशावर?

लेडी विलिंग्डन युद्धनिधीच्या महिला शाखेचं काम बघत होत्याच. १९१७ मध्ये त्यांनी अशा जवानांसाठी मुंबईत शाळा काढली. सुतारकाम, शिवणकाम, यंत्रावर मोजे विणणं, मोटारीचं आणि तेलाच्या इंजिनाचं काम तिथे शिकवत. एक पाय नसला तरी बसून करता येईल, असं हे काम. नुसतं पेन्शन हातावर ठेवून घरी पाठवण्यापेक्षा हे केवढं वेगळं! आमच्या बचतगटात विधवा बायकांना शिलाई मशीन मिळाल्यावर त्यांची चालण्याची ढबच बदलते, ते मी पाहिलंय. म्हणून मला ही शाळा लगेच कळली.

मुलाच्या दुःखातूनच हे झालं का? तसं ठामपणे मी म्हणणार नाही. आई म्हणून मला तसं वाटतं, एवढंच.

शाळा पुढे खडकीला गेली. १९६० मध्ये बाई वारल्या, तोवर देश स्वतंत्र होऊन बारा वर्षं उलटली होती. नंतरच्या लढायांतले आपले जवानही तिथे शिकले. १९७४ पासून खडकीतच मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रही आहे.

कुंडावरच्या त्या काकांना हे सगळं सांगायचं राहूनच गेलं. मी परत गेले, तेव्हा ते गावी निघून गेले होते.