विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनहून कॅमेरा आणला : कॅमेरा कसा निवडावा हे शिकावं तर दादासाहेब फाळक्यांकडून

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे, नाशिकचे सायकलवाले जव्हार-मोखाड्याच्या वाटेला लागतात. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, सूर्यमाळ, खोडाळा अशी ठिकाणं ठरतात आणि निघायच्या आधी ग्रुपवर एक चर्चा हमखास रंगते. मिररलेस कॅमेरा घ्यायचा, तर कुठला?

कुणी फुल फ्रेमच घे म्हणतं, कुणी वजनाकडं बघ म्हणतं. शेवटी सगळं बजेट कॅमेऱ्याच्या बॉडीवरच संपतं आणि लेन्स, बॅटरी, पावसाचं कव्हर यांच्यासाठी हातात काहीच उरत नाही.

मोखाड्याहून तोरंगण घाट चढून गेलं की त्र्यंबकेश्वर लागतं. महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली कॅमेरा खरेदी करणारा माणूस याच गावचा. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

भारतीय सिनेमाचे जनक ही त्यांची ओळख सगळ्यांना पाठ आहे. पण वयाच्या ४१ व्या वर्षी, कर्ज काढून, डोळे अधू झालेले असताना त्यांनी कॅमेरा कसा निवडला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

वीस वर्षं आधीपासूनची तयारी

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडं. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढं थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले. १८९० च्या सुमारास पहिला कॅमेरा हातात आला.

नुसतं फोटो काढणं त्यांना पुरेसं नव्हतं. फोटो धुणं, छापणं, ब्लॉक बनवणं, तीन रंगांची छपाई अशी एकेक गोष्ट ते शिकत गेले. १८९५ मध्ये गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. पण १९०० च्या प्लेगनं पत्नी आणि मूल दोघांनाही हिरावून नेलं.

बडोद्याला परतून पुन्हा स्टुडिओ टाकला, तर तिथं अफवा पसरली. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होतं, अशी. गिऱ्हाईकं फिरकेनात. मग फाळक्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. तीही सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही आणि छापखानाही सुटला.

चाळिशी आली तेव्हा हातात धंदा नव्हता. पण लेन्स, प्रकाश, रसायनं आणि यंत्रं यांची माहिती मात्र भरपूर होती.

डोळे गेले, पण नाद सुटला नाही

एप्रिल १९११ मध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हलताना दिसत होता. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले.

त्यानंतर दिवसाचे कित्येक तास सिनेमे बघायचे, मिळतील ती पुस्तकं आणि कॅटलॉग वाचायचे, घरी प्रयोग करायचे, असं सुरू झालं. झोप नावापुरती. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासं झालं. उपचारांनंतर दृष्टी परत आली, पण घरच्यांची झोप उडाली होती.

आता पैशांचा प्रश्न होता. फाळक्यांनी आपल्या १२ हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवल्या आणि १० हजारांचं कर्ज काढलं. पत्नी सरस्वतीबाई सोबत होत्या, पदरी लहान मुलं होती. डाव फसला असता तर मागं काहीच उरणार नव्हतं.

१ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनच्या बोटीत बसले.

लंडनमध्ये आधी चौकशी, मग खरेदी

लंडनला उतरल्यावर फाळके आधी पोचले 'बायोस्कोप' या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत. संपादक कॅबोर्न यांची ओळख ना पाळख. त्यांनी आधी सावध केलं, कारण सिनेमाच्या धंद्यात बुडालेले लोक त्यांनी पाहिले होते. पण समोरचा माणूस हौशी नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी सिसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याची गाठ घालून दिली.

हेपवर्थ यांनी आपला वॉल्टनचा स्टुडिओ फाळक्यांना उघडून दाखवला. शूटिंग कसं चालतं, फिल्म कशी धुतात, यंत्रं कशी हाताळतात, हे सगळं फाळक्यांनी जवळून पाहिलं आणि त्यानंतर कॅमेरा घेतला.

तो होता विल्यमसन कंपनीचा. किंमत ५० पौंड. तेव्हा एका पौंडाला १५ रुपये पडायचे, म्हणजे कॅमेरा झाला साधारण ७५० रुपयांचा.

हा आकडा नीट बघा. कर्ज १० हजारांचं आणि कॅमेरा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. बाकीचा पैसा लागणार होता प्रवासाला, कोडॅकच्या कच्च्या फिल्मला, त्या फिल्मला भोकं पाडणाऱ्या परफोरेटरला आणि पुढच्या कामाला. फाळक्यांनी संपूर्ण कामाचं बजेट मांडलं होतं, कॅमेरा हा त्यातला एक भाग होता.

तो कॅमेराही मिररलेसच!

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागं आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर व्ह्यूफाइंडरकडं वळवतो. मिररलेसमध्ये हा आरसा नसतो, प्रकाश थेट सेन्सरवर पडतो. म्हणून बॉडी लहान आणि हलकी करता येते. लेन्स बदलता येणारे असे डिजिटल कॅमेरे २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी-वन पासून रुळले.

फाळक्यांचा हातानं हँडल फिरवायचा कॅमेराही तसाच होता. मध्ये आरसा नाही, लेन्समधून प्रकाश थेट फिल्मवर.

नातं इथंच संपत नाही. ती फिल्म ३५ मिलिमीटर रुंद होती. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या दम्याच्या रुग्णाला डोंगरात भटकताना जड कॅमेरा झेपत नव्हता. त्यानं सिनेमाची हीच फिल्म आडवी धरून, दोन चौकटींच्या जागेत एक फोटो बसवला आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. हाच लायका, बाजारात आला १९२५ मध्ये. त्याची ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट म्हणजेच आजची फुल फ्रेम. आणि एपीएस-सी सेन्सर हा जवळपास सिनेमाच्या मूळ चौकटीएवढा.

थोडक्यात काय, एपीएस-सी सेन्सर 'लहान' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. घाट चढताना पाठीवर कमी झालेलं वजन मोठ्या सेन्सरपेक्षा जास्त कामाला येतं.

पहिला हिरो वाटाण्याचा कोंब

फाळके १ एप्रिल १९१२ ला परतले. मे महिन्यात सामान आलं. सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी काही दिवसांत यंत्रं जोडली. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडायला, फिल्म धुवायला सरस्वतीबाई शिकल्या.

तरीही फाळके लगेच सिनेमाला भिडले नाहीत. आधी शेजारच्या मुलांचं चित्रण करून कॅमेरा तपासला. मग कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराच्या फिल्ममध्ये बी रुजून वेल वाढताना दिसला. नाव, 'अंकुराची वाढ'.

आजच्या भाषेत हा टाइमलॅप्स. तो बघून यशवंत नाडकर्णी यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली.

कॅमेरा चालवायला फाळक्यांनी तयार केलं त्र्यंबकच्याच मित्राला, त्र्यंबक तेलंग यांना. दादरच्या घरी सेट लागला. मुख्य भिस्त उन्हावर असल्यानं दिवसा शूटिंग आणि रात्री फिल्म धुणं चालायचं. सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या आणि उन्हात पांढरी चादर धरून रिफ्लेक्टरचं कामही करायच्या.

बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली. लाकडी तलवारी घेऊन आलेले लोक बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. प्रकरण फौजदारापर्यंत गेलं. फाळक्यांनी पेटी उघडून कॅमेरा दाखवला, शूटिंग कसं करतात ते करून दाखवलं, तेव्हा कुठं सुटका झाली.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी ३,७०० फूट.

यातून काय घ्यायचं?

कॅमेऱ्याआधी काम ठरवा. जव्हार-मोखाड्याच्या पावसात पाण्यापासून बचाव असलेली बॉडी आणि तशीच लेन्स हवी. दोन्हींपैकी एकच तशी असून भागत नाही. भर पावसात लेन्स बदलणं धोक्याचं, म्हणून एकच झूम लेन्स बरी. हँडलबारवर खड्ड्यांचे धक्के बसतात, त्यामुळं कॅमेरा अंगालगत बांधावा. जास्तीची बॅटरी, बुरशी टाळायला सिलिका जेल आणि कार्ड यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. निघण्यापूर्वी दोन-चार आठवडे घराजवळच हात बसवावा, तुमचा 'वाटाणा' आधी पेरावा.

आणि शेवटी

१९१३ मध्येच फाळके नाशिकला गेले. 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म' तुफान चालले. तळेगावच्या काचकारखान्यावरही त्यांनी लघुपट केला. पुढं भागीदारांशी वाद झाले आणि ते काही काळ काशीला निघून गेले. बोलपट आले आणि त्यांचं युग संपलं. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची बहुतेक फिल्म आज उरलेली नाही. तेव्हाची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली प्रतही टिकली नाही आणि १९१७ मध्ये त्यांना तो पुन्हा बनवावा लागला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत ती रिळं १९१३ ची की १९१७ ची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

पॉलिसी गहाण ठेवून, डोळे पणाला लावून केलेल्या कामाचे हे मोजके तुकडे उरलेत. त्यामुळं सायकल घरी लागली की आंघोळीआधी फोटोंची दुसरी कॉपी करून ठेवा.