तांब्यावरचा पाऊस

रेम्ब्रांट म्हटलं की ऑइल पेंटिंग्ज आठवतात. पण हा पठ्ठ्या हातात सुई घेऊन तांब्यावर आभाळसुद्धा उतरवायचा!

१६०६ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे गिरणीवाल्याच्या घरात तो जन्मला. तरुणपणीच ॲमस्टरडॅममध्ये नाव झालं. १६३९ मध्ये त्याने तब्बल १३ हजार गिल्डरचं घर घेतलं, तेही बरंचसं उधारीवर. १६४२ मध्ये बायको साश्किया गेली. मागे उरलं वर्षाचंही न झालेलं बाळ आणि डोक्यावरचं कर्ज.

त्याच दशकात तो शहराबाहेर खूप भटकला. कालवे, बांध, पवनचक्क्या असं जे दिसेल ते एचिंगमध्ये आणू लागला. एचिंग म्हणजे काय? गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. थर खरवडला गेला असेल तिथेच ॲसिड तांबं खातं. जास्त वेळ ठेवलं की रेघ खोल जाते आणि गडद छापते. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. छाप आरशातल्यासारखी उलटी येते. म्हणूनच त्याच्या एचिंगमधलं ॲमस्टरडॅम उलटं आहे.

१६४३ चं 'तीन झाडं' नक्की बघा. आकार जेमतेम ए-फोर कागदाएवढा. उजवीकडे टेकाडावर तीन झाडं, डाव्या कोपऱ्यात सरळ तिरक्या रेघांचा पाऊस. झूम केलंत तर झुडपात लपलेलं प्रेमी जोडपंही सापडेल!

पुढे तो ड्रायपॉइंटकडे वळला. यात सुईने थेट तांब्यावर ओरखडायचं. ओरखड्याच्या कडेला उठलेला कीस शाई धरतो आणि रेघ मखमली दिसते. पण थोड्याच प्रती काढल्या की कीस दबतो आणि मखमल जाते. छापखान्याच्या दृष्टीने तोट्याचाच सौदा, तरी त्याने तो केला.

१६५६ मध्ये दिवाळं निघालं. संग्रह लिलावात गेला, मग घरही गेलं. १६६९ मध्ये तो वारला, तेव्हा कबरसुद्धा भाड्याची होती. त्याच्या पत्र्यांवरून मात्र पुढे शंभराहून जास्त वर्षं छपाई चालू राहिली. आणि ते गमावलेलं घर? आज तिथे त्याच्याच नावाचं म्युझियम आहे.