पदवीसाठी तीस वर्षांची प्रतीक्षा

परदेशी जाऊन कायद्याचे शिक्षण घेण्याचा मार्ग भारतीय स्त्रियांसाठी ज्यांनी प्रथम चोखाळला, त्या कॉर्नेलिया सोराबजी मूळच्या नाशिकच्या. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, तर आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूलची स्थापना केली होती. मुलींच्या शिक्षणाविषयीची आस्था अशी घरातूनच आलेली होती.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी, आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधरही. पदवी परीक्षेत इलाख्यात पहिला क्रमांक मिळवूनही इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीच्या अध्यापनाचे तात्पुरते काम त्यांनी पत्करले. परंतु विलायतेचा ध्यास सोडला नाही. अखेर मेरी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, विल्यम वेडरबर्न आदी हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या.

तेथेही वाट सरळ नव्हती. स्त्रियांनी कायद्याची परीक्षा देण्याची प्रथाच ऑक्सफर्डमध्ये नव्हती. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांची बाजू उचलून धरली. विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली आणि १८९२ मध्ये बी.सी.एल.ची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पदवी मात्र मिळाली नाही. त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देतच नसे.

मायदेशी परतल्यावर हाच अनुभव वेगळ्या रूपाने आला. काठियावाड आणि इंदूर येथील संस्थानी प्रकरणांत ब्रिटिश एजंटांपुढे अर्ज मांडण्याची खास परवानगी त्यांना मिळाली. पण वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नव्हता. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा देऊनही सनद दूरच राहिली.

ज्यांच्यासाठी त्या झगडत होत्या, त्यांची अडचण खरी होती. पडदानशीन स्त्रियांच्या नावे मोठ्या जमीनजुमल्याची मालकी असे. परंतु परपुरुषाशी बोलण्यास मज्जाव असल्यामुळे वकिलाचा सल्ला त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे. मालमत्ता त्यांची आणि कारभार दुसऱ्यांचा, अशी ती अवस्था होती. सरकारकडे सातत्याने पाठपुरावा केल्यानंतर १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये कॉर्नेलिया यांची नेमणूक झाली. पुढील सुमारे वीस वर्षांत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाममधील सुमारे ६०० स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांनी कायदेशीर साहाय्य केले.

त्यांचे राजकीय विचार मात्र काळाच्या प्रवाहाविरुद्ध होते. ब्रिटिश राजवटीच्या त्या समर्थक होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळात त्यांच्या कार्याची आठवण काहीशी मागे पडली.

१९२० मध्ये ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला आणि १९२२ मध्ये कॉर्नेलिया यांनी आपली पदवी स्वीकारली. तेव्हा त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती. १९२३ च्या कायद्याने भारतातील स्त्रियांना वकिलीचा हक्क मिळाला आणि त्यांनी कलकत्त्यात व्यवसाय सुरू केला. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. तेथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्याच्या उच्च शिक्षणासाठी ऑक्सफर्डला अर्ज करणाऱ्या भारतीय विद्यार्थिनीला आज स्वतंत्र ठरावाची गरज भासत नाही. ती गरज संपण्यामागे नाशिकच्या या कन्येची तीस वर्षांची प्रतीक्षाही आहे.