विद्येची भागीदारी

नाटकांतील एखादें पद लोकांच्या तोंडीं बसलें म्हणजे सारें श्रेय गाणाऱ्या नटाच्या पदरीं पडतें. पेढीचा सगळा नफा एकाच भागीदारानें घरीं नेला, तर आमचे व्यापारी वाचक त्यास न्याय म्हणणार नाहींत. मग रंगभूमीवर असला हिशेब कां चालावा? गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचें चरित्र या दृष्टीनें मनन करण्यासारखें आहे.

बुवांचा जन्म १८६९ सालीं बडोदें संस्थानांतील कठोर गांवीं झाला. गोड गळ्यामुळें लहानपणींच त्यांना किर्लोस्कर नाटक मंडळींत स्थान मिळालें. परंतु वयांत येतांना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. दुसरा एखादा खचला असता. बुवांनीं फैज महंमदखां, नत्थनखां व अल्लादियाखां या थोर उस्तादांची सेवा करून विद्या संपादन केली. गुरु मुसलमान, शिष्य हिंदु; पण सुरांस धर्मभेद ठाऊक नसतो, हें त्यांनीं आचरणानें दाखविलें.

त्या काळीं चीज हा कुलुपांत ठेवण्याचा जिन्नस मानला जाई. बुवांनीं १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज स्थापून तें कुलूप काढलें. पुढें १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्यांत शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली बुवांच्या आणि रुक्मिणीचा गळा त्यांचेच शिष्य बालगंधर्व यांचा. बैठकींतील यमन, बिहाग यांसारखे राग पदांच्या रूपानें नाटकगृहांत आले. शिष्याचा गळा काय पेलतो हें गुरूस ठाऊक होतें, आणि चालींत भाव कोठें भरावयाचा हें शिष्य जाणत होता. तिघांपैकीं एक वजा केला असता तर पद उभेंच राहिलें नसतें.

बुवा १९२२ सालीं निवर्तले. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनीं चाली देण्याचें कार्य पुढें चालविलें. भांडवल तिजोरींत कोंडलें तर वाढत नाहीं, फिरतें ठेविलें तरच वाढतें. विद्येचेंहि तसेंच आहे.

आमचें मागणें थोडेंच आहे. नाट्यपदें आजहि आवडीनें गाइलीं जातात. तेव्हां गाणाऱ्यानें कवीचें व चाल देणाऱ्याचें नांव आधीं सांगावें, आणि ज्यास विद्या आहे त्यानें ती मोकळ्या हातानें द्यावी. बुवांचें ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.