‘धग’चा सातबारा

उद्धव शेळके आमच्या भातकुलीच्याच जिल्ह्यातले. जन्म १९३१. शिंप्याच्या घरातली कौतिक त्यांनी १९६० साली ‘धग’मध्ये उभी केली, ती अस्सल वऱ्हाडीत बोलणारी. पुढे पोटासाठी ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या.

पुस्तक छापण्याचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा. एकाच सातबाऱ्यावरचे हे दोन तुकडे. (मला हे बँकेत गहाणखतं वाचून कळलं. लेखकाला कोण सांगणार?) परदेशी प्रकाशक दुसरा तुकडा घेतो तो बहुधा इंग्रजी नमुना वाचून. कौतिकची वऱ्हाडी इंग्रजीत आणणार कोण?

शेळके १९९२ साली गेले. शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आला तो त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, दिल्लीहून. कायद्याने मात्र हे हक्क २०५२ अखेरपर्यंत जिवंत आहेत.