तासगावचा वाडा कोणी जाळला?

तासगावात शिरलो की आमची नजर गणपती मंदिराच्या सात मजली गोपुराकडे जाते. ते उभारणारे परशुरामभाऊ पटवर्धन पेशव्यांचे सरदार. १७९१ साली त्यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. तो सावरायला मदत केली टिपू सुलतानाने. १७९५ ला खर्ड्याच्या लढाईत भाऊ सेनापती होते. पुढे कोल्हापूरच्या फौजेने तासगाव लुटून त्यांचा आवडता वाडा जाळला. १७९९ साली पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना भाऊ पडले. १८४८ साली वारस नाही म्हणून इंग्रजांनी तासगाव खालसा केले.

मठ कोणी लुटला, कोणी सावरला, वाडा कोणी जाळला? मित्रांनो, इतिहासाला धर्मयुद्धाचा रंग देणाऱ्यांना आपण हेच विचारत राहू. जय भीम!